बदलापूरला राहायला जायचं का? फ्लॅट बघण्याआधी करायची कामं, क्रमाने

दिवाळी झाली की ओळखीतली दोन-चार कुटुंबं बदलापूरला घर बघायला येतात. कुणी परळहून, कुणी मुलुंडहून, कुणी डोंबिवलीहून. रविवारी दुपारी, मोकळ्या लोकलने, खिडकीत बसून. सॅम्पल फ्लॅट बघतात, गच्चीवरून दिसणारे डोंगर बघतात, टोकनचा चेक देतात आणि परत निघताना माझ्याकडे चहाला थांबून विचारतात, "इथे पाण्याचं कसं आहे हो?"

हा प्रश्न टोकनच्या आधी यायला हवा होता. घर ही शेवटी बघायची गोष्ट. मी शहाणपणाने बोलतोय असं नाही. मीही डिसेंबरातल्या एका रविवारीच घर पसंत केलं होतं. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात इमारतीपर्यंतच्या रस्त्यावर गुडघाभर पाणी, आणि बिल्डरच्या ऑफिसातला माणूस म्हणतो, "साहेब, पाऊस काय आमच्या हातात आहे?"

खालचा क्रम बदलापूरचा आहे, कारण ते गाव मला माहीत आहे. अंबरनाथ, वांगणी, नेरळ किंवा तिकडे विरार-पालघर बघत असाल तर नावं बदला, क्रम तोच ठेवा. सगळं नीट करायचं तर एक उन्हाळा आणि एक पावसाळा लागतो. तेवढा वेळ नसेल तर निदान तीन आठवडे काढा आणि पहिले चार टप्पे तरी सोडू नका.

टप्पा १ : घरातल्या प्रत्येकाचा आठवडा कागदावर

एक वही घ्या. प्रत्येकाच्या नावाचं एक पान. त्यावर सोमवार ते रविवार तो माणूस कुठे जातो, किती वाजता निघतो, किती वाजता परत येतो ते लिहा. कमावणाऱ्याचं पान सगळेच लिहितात. राहून जातात ती बाकीची पानं : आईची दर महिन्याची डोळ्यांच्या डॉक्टरांची फेरी, मुलीचा शनिवारचा तबल्याचा क्लास, वडिलांचा संध्याकाळचा कट्टा, वहिनी आजारी असली की धावत जायचं ते माहेर.

आता प्रत्येक नोंदीपुढे तीनपैकी एक खूण करा : "तिकडेच जावं लागेल", "इथे मिळेल", "सुटेल". तिसऱ्या प्रकारच्या नोंदी ज्याच्या पानावर जास्त, त्याच्याशी आधी बोला. बहुतेक घरांत ते पान आजी-आजोबांचं निघतं. सून-मुलगा सकाळी साडेसहाला बाहेर पडून रात्री नऊला परत येणार असतील, तर नव्या इमारतीत, ओळखीपाळखीविना, दिवसभर घरात कोण बसणार आहे ते कागदावर दिसू द्या.

टप्पा २ : प्रवासाची तालीम, कामाच्या दिवशी

सीएसएमटीपासून बदलापूर ६८ किलोमीटर. जलद लोकलने साधारण दीड तास. हा आकडा सगळ्यांना पाठ असतो आणि सगळे फसतात ते त्यानेच, कारण तो फक्त गाडीतला वेळ आहे.

१. रविवारी रात्री बदलापूरलाच मुक्काम करा, नातेवाइकांकडे किंवा लॉजवर.

२. सोमवारी सकाळी तुमच्या खऱ्या वेळेची गाडी पकडा. घराच्या दारापासून ऑफिसच्या खुर्चीपर्यंत घड्याळ लावा. शेअर रिक्षाची रांग, पूल, फलाटावरचं थांबणं, उतरल्यानंतरची चाल, सगळं धरून.

३. संध्याकाळी त्याच दिवशी परत या. ही फेरी टाळू नका. सकाळी बदलापूरहून सुटणाऱ्या गाडीत निदान उभं राहायला जागा मिळते. संध्याकाळी दादरला किंवा ठाण्याला कर्जत लोकलमध्ये शिरणं ही वेगळी विद्या आहे.

४. बुधवारी पुन्हा. या वेळी मुद्दाम एक गाडी सोडा आणि पुढची किती मिनिटांनी येते, ती कशी भरलेली असते ते बघा.

५. घरातली दुसरी व्यक्ती नोकरी करत असेल तर तिने स्वतंत्रपणे हेच करायचं. पुरुषाने जनरल डब्यात काढलेला निष्कर्ष महिलांच्या डब्याला लागू पडत नाही.

दोन गोष्टी समजून घ्या. बदलापूरहून सुटणारी लोकल आणि कर्जत-खोपोलीहून येणारी लोकल यांत फार फरक आहे. दुसरी आधीच भरून येते. आणि बदलापूरच्या गाडीतही तुम्हाला वाटते तशी रिकामी सीट नसते, कारण अंबरनाथ-उल्हासनगरकडचे बरेच जण उलटे येऊन, म्हणजे "रिटर्न" मारून, आधीच बसलेले असतात. यावरून होणारी भांडणं हा इथला नित्याचा कार्यक्रम आहे.

कल्याणच्या पुढचं गणितही वेगळं. कल्याणच्या अलीकडे जलद-धीम्या गाड्यांना वेगळे मार्ग आहेत. पुढे कर्जतकडे दोनच. त्याच दोन मार्गांवरून लोकल, पुण्याकडच्या एक्स्प्रेस आणि मालगाड्या धावतात. एक मालगाडी अडकली की सगळं अडकतं.

सावधान : जे आज धावत नाही त्याची किंमत शून्य धरा. कल्याण-बदलापूर तिसरा-चौथा मार्ग एमयूटीपी ३अ या मुंबईच्या रेल्वे-विस्तार योजनेत आहे, कांजूरमार्ग ते बदलापूर मेट्रो १४ आखलेली आहे. दोन्ही होवोत. पण ब्रोकरच्या तोंडी "मेट्रो येतेय" आलं की वहीत लिहायचं, "मेट्रो : ०". आली तर नफा.

ऑफिस अंधेरीला असेल तर घाटकोपरला मेट्रो १ धरता येते. वांद्रे किंवा लोअर परळला दादर बदलावं लागतं. ऐरोली-घणसोलीला ठाण्याहून ट्रान्सहार्बर लोकल. प्रत्येक बदलाला पंधरा मिनिटं जादा धरा, गर्दीतला जिना फुकट नसतो.

तपासणी : बुधवारी रात्री घरी पोहोचल्यावर अर्ध्या तासाने स्वतःला विचारा, आत्ता मुलाचा अभ्यास घेता येईल का? उत्तर वहीत लिहा, तारखेसकट.

टप्पा ३ : तासाचा भाव काढा

घरभाड्यातला किंवा हप्त्यातला फरक बघून लोक खूश होतात. तो फरक खरा असतो, पण पूर्ण तुमच्या खिशात येत नाही. खालचे आकडे मी नमुन्यादाखल धरलेत, तुमचे घाला.

समजा आत्ताचं भाडं २८,००० रुपये आहे आणि इथलं ११,०००. वरवर बचत १७,०००. आता वजा करा :

शेअर रिक्षा, ९००. सेकंड क्लासऐवजी फर्स्ट क्लासचा पास घेतला तर वाढणारा खर्च, १,०००. पाळणाघराचे जादा तास, २,५००. स्वयंपाकाला वेळ नाही म्हणून बाहेरचं खाणं, १,४००. उशीर झाला की कल्याणहून रात्रीची रिक्षा, महिन्यातून दोनदा, १,२००.

झाले ७,०००. उरले १०,०००.

आता वेळ. आधी जाऊन-येऊन दोन तास लागत होते. टप्पा २ मध्ये घड्याळ लावल्यावर, समजा, एका बाजूने दोन तास दहा मिनिटं आली. म्हणजे रोज चार तास वीस मिनिटं, जादा दोन तास वीस मिनिटं. महिन्याचे २२ दिवस धरले तर ५१ तासांच्या वर. १०,००० भागिले ५१ : तासाला साधारण १९५ रुपये. या भावाने तुम्ही स्वतःचा तास विकताय.

घरातली दोघंही रोज मुंबईला जात असतील तर तास दुप्पट होतात, आणि रिक्षा, पास, बाहेरचं खाणं पुन्हा एकदा वजा होतं. वरच्याच उदाहरणात उरतात ६,७०० रुपये, तास १०२. भाव येतो ६५ रुपये.

१९५ बरा की वाईट हे मी सांगू शकत नाही. ज्याचं ऑफिस आठवड्यातून दोनच दिवस बोलावतं त्याचा भाव चारशेच्या पुढे जातो आणि त्याने बिनधास्त यावं. ज्या घरात दोघं रोज चर्चगेटला जातात, त्यांचं गणित मी आजवर जुळलेलं पाहिलेलं नाही.

टप्पा ४ : पाणी, पूर, ऊन, वास

इथे सगळ्यात जास्त वेळ घालवा.

नळाचं पाणी. "बारवी धरण शेजारी आहे, पाण्याला काय तोटा!" हे वाक्य तुम्ही ऐकाल. बारवी एमआयडीसीचं, म्हणजे सरकारी औद्योगिक महामंडळाचं, आहे. ते पाणी कारखान्यांना आणि ठाणे जिल्ह्यातल्या इतर शहरांना जातं. बदलापूरच्या नळाला पाणी देतं ते महाराष्ट्र जीवन प्राधिकरण, उल्हास नदीवरच्या बॅरेजमधून. त्यामुळे धरण किती भरलं ही बातमी वाचून काही कळत नाही. विचारायचं असतं ते इमारतीला.

बिल्डरला विचारू नका. वॉचमनला विचारा : पाणी किती वाजता येतं, किती वेळ असतं, टाकी भरते का. शेजारच्या सोसायटीच्या सेक्रेटरींना भेटून एप्रिल-मे महिन्याच्या हिशेबात "टँकर" या नावाखाली किती खर्च आहे ते बघा. वहिवाटीत असलेल्या फ्लॅटचं न्हाणीघर दाखवायला सांगा. नळांवर आणि टाइलवर पांढरा थर असेल तर बोअरचं पाणी चालू आहे. इमारत नवी असेल तर एकच प्रश्न : प्राधिकरणाची जोडणी झाली आहे की "होणार आहे"? "होणार आहे" म्हणजे टप्पा २ मधली मेट्रो.

पूर. उल्हास नदी शहराच्या पश्चिम अंगाने जाते आणि पश्चिमेकडचे सखल भाग पाण्याखाली जातात. २६ जुलै २००५ इथल्या लोकांना तारखेनिशी आठवतो. २७ जुलै २०१९ ला बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस पुरात अडकली, हजाराहून जास्त प्रवाशांना बाहेर काढावं लागलं. म्हणून नगरपरिषदेच्या नगररचना विभागात जाऊन पूररेषेचा नकाशा बघा. निळी रेषा म्हणजे साधारण २५ वर्षांतून एकदा येणारा पूर जिथवर पोहोचतो ती हद्द, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणारा. नदी आणि निळी रेषा यांच्या मधला पट्टा बांधकामाला निषिद्ध, निळी आणि लाल यांच्या मधला निर्बंधित. सर्व्हे नंबर हातात घेऊन जा, इमारतीचं नाव सांगून उपयोग नाही.

नकाशाइतकीच खात्रीची साक्ष तळमजल्यावरच्या दुकानदाराची. त्याला विचारा, "माल कितव्या फळीपासून वर ठेवता?" किराणावाला खालची फळी रिकामी ठेवत असेल तर समजून जा. जिन्याच्या भिंतीवरचा ओलीचा पट्टा आणि मीटरच्या पेट्यांची उंची बघा. "आपण पाचव्या मजल्यावर, आपल्याला काय" असं म्हणणारे बरेच असतात. मीटरखोली पाण्यात गेली की वीज बंद होते, वीज गेली की पंप बंद, पंप बंद की टाकी रिकामी, आणि लिफ्ट तर आधीच बंद. पाचव्या मजल्यावरच्या माणसाचे दोन दिवस असे जातात. त्याची गाडी खाली पार्किंगमध्ये असते ते वेगळंच.

ऊन. एप्रिल-मेमध्ये मुंबई पस्तिशीच्या आसपास असताना इथे पारा चाळिशी ओलांडतो. समुद्र लांब आहे. सगळ्यात वरच्या मजल्याचा फ्लॅट स्वस्तात मिळत असेल तर मे महिन्यात दुपारी तीनला त्यात अर्धा तास उभे राहा.

वास. पूर्वेला एमआयडीसीत रासायनिक कारखाने आहेत. त्या बाजूला घर बघत असाल तर रात्री अकरानंतर एक फेरी मारा. दिवसा काही कळत नाही.

तपासणी : या टप्प्याअखेरीस वहीत किमान तीन अशा माणसांची उत्तरं हवीत ज्यांना तुमच्या घरखरेदीतून एक पैसाही मिळणार नाही. ब्रोकर, बिल्डर आणि बँकेचा एजंट मोजायचे नाहीत.

टप्पा ५ : शाळा आणि दवाखाना

शाळेचं थोडक्यात : शाळा जूनच्या मध्यात सुरू होतात, प्रवेशाची धावपळ त्याच्या कितीतरी आधी. आधी जागा नक्की करा, मग जुन्या शाळेतून शाळा सोडल्याचा दाखला काढा. हे उलटं केलेली घरं मी पाहिली आहेत, मूल महिनाभर घरी बसतं. शाळेची बस पूर्व-पश्चिम ओलांडते का तेही विचारा. संध्याकाळी उड्डाणपुलावर ती किती रखडते ते बसच्या काकांकडून कळेल, शाळेच्या कार्यालयातून नाही.

दवाखान्यासाठी तालीमच करायची. रात्री अकरा वाजता, मुलाला ताप चढलाय असं समजून, इमारतीच्या दारातून निघा. रिक्षा मिळाली का? कोणता दवाखाना उघडा होता, आत डॉक्टर होते का? मोठ्या सरकारी उपचारांसाठी उल्हासनगरचं मध्यवर्ती रुग्णालय गाठावं लागतं, त्यापुढे कल्याण-ठाणे. आरोग्य विमा असेल तर कॅशलेसच्या यादीत इथलं कोणतं रुग्णालय आहे ते घरबसल्या बघता येतं. घरात हृदयरोगी किंवा डायलिसिसवर कुणी असेल तर हा टप्पा पाचवा नाही, पहिला.

टप्पा ६ : अकरा महिने भाड्याने राहा

विकत घ्यायची कितीही घाई असली तरी. "भाड्याचे पैसे फुकट जातात" असं मामा-काका म्हणतील. चुकीच्या जागी वीस वर्षांचा हप्ता त्याहून महाग पडतो.

१. करार एक मेच्या सुमारास सुरू करा. ऊन, टँकर, शाळेचा पहिला दिवस आणि जुलै-ऑगस्ट, सगळं पहिल्या चार महिन्यांत बघून होतं. ऑक्टोबरात आलेला माणूस सात महिने खोट्या समाधानात राहतो.

२. लिव्ह अँड लायसन्सचा करार नोंदणीकृतच करा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे तो लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची असते. ऑनलाइन नोंदणी घरी बसून होते. "साध्या स्टँपवर लिहून घेऊ" याला नम्रपणे नाही म्हणा.

३. लॉक-इनची, म्हणजे मध्येच सोडता न येण्याची, मुदत कमीत कमी ठेवून घ्या आणि सोडण्याची नोटीस एक महिन्याची. तुम्ही परत जाण्याची वाट मोकळी ठेवायला आला आहात.

४. ज्या वस्तीत पुढे विकत घ्यायचं मनात आहे त्याच वस्तीत भाड्याने राहा. स्टेशनसमोर राहून दोन किलोमीटरवरच्या घराचा अंदाज येत नाही.

५. भिंतीवर कॅलेंडर लावा. रोज दोन नोंदी : घरी पोहोचल्याची वेळ, आणि पाणी किंवा वीज गेली असल्यास ती. आठवणीवर सोडलंत तर पाऊस संपला की पाऊस विसरला जातो.

सावधान : हे वर्ष संपेपर्यंत मुंबईतली जागा सोडू नका. गिरगाव-लालबागची पागडीची (जुन्या भाडेहक्काची) खोली असेल तर तिचं भाडं भरत राहा, पावत्या जपा. "रीडेव्हलपमेंट कधी होणार कुणास ठाऊक" म्हणून खोली देऊन टाकलेले आणि मग परतीचं दारच न उरलेले लोक मला माहीत आहेत. स्वतःचा फ्लॅट असेल तर तो भाड्याने द्या, विकू नका.

टप्पा ७ : विकत घ्यायचं ठरलं तर, आणि तेव्हाच

आता सॅम्पल फ्लॅट बघा.

प्रकल्पाचा महारेरा (बांधकाम प्रकल्पांवर नजर ठेवणारं राज्याचं प्राधिकरण) क्रमांक घेऊन संकेतस्थळावर स्वतः शोधा. ठाणे जिल्ह्यातल्या जुन्या नोंदणीच्या प्रकल्पांचा क्रमांक पी५१७ ने सुरू होतो. जाहिरातीवर क्यूआर कोड असतो, तो स्कॅन केला की तेच पान उघडतं. ताबा देण्याची तारीख पत्रकावरची नको, तिथली बघा, आणि ती किती वेळा पुढे ढकलली आहे तेही. भाव विचारताना रेराच्या कार्पेट क्षेत्रफळावर, म्हणजे घरातल्या प्रत्यक्ष वापरायच्या जागेवर, विचारा. "सेलेबल एरिया" (जिना-लॉबीचा वाटा धरून फुगवलेलं क्षेत्रफळ) हा शब्द ऐकला की कॅल्क्युलेटर काढा.

नोंदणीकृत विक्री करार होण्याआधी बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम मागता येत नाही, हे कायद्यात लिहिलेलं आहे. त्याहून जास्त मागितलं तर नियम दाखवा, चेक नाही.

तयार इमारत असेल तर भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारतीत राहायला परवानगी दिल्याचा कागद, बघा. ते नसेल तर "सगळेच राहतायत की" हे उत्तर चालत नाही. जुनी सोसायटी असेल तर जमिनीचं अभिहस्तांतरण झालं आहे का, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर आहे का, ते सातबारा किंवा मालमत्ता पत्रकावर दिसतं.

एक इथली खास गोम. जाहिरातीत "बदलापूर" असतं, जागा मात्र वांगणीच्या बाजूला किंवा नगरपरिषदेच्या हद्दीबाहेर ग्रामपंचायतीत असते. पाणी, कचरा, रस्ते, बांधकाम परवानगी, सगळं हद्दीप्रमाणे बदलतं. शेजारच्या घराची घरपट्टीची पावती मागून बघा. वर कुलगाव-बदलापूर नगरपरिषद लिहिलंय की आणखी काही, ते दोन मिनिटांत कळतं. आणि "स्टेशनपासून दहा मिनिटं" हे कोणत्या स्टेशनपासून, कशाने, किती वाजता, तेही.

टोकन द्यायच्या आदल्या दिवशी ऑफिसातून थेट इकडे या. नेहमीच्या गाडीने, नेहमीच्या बॅगेसकट. स्टेशनबाहेर शेअर रिक्षाच्या रांगेत उभे राहा आणि त्या इमारतीच्या दारापर्यंत जा. दाराशी पोहोचल्यावर किती वाजले ते वहीत लिहा, आणि घरी जाऊन ती वही घरातल्या प्रत्येकाला आपापलं पान वाचायला द्या.